एक ब्रश काचेला, एक बाटलीला

आमच्या लॅबमधला कचरा उचलायला एक दिवसाआड गाडी येते. पिवळी पिशवी, लाल पिशवी, फुटलेली काच वेगळ्या डब्यात. सगळं जातं, किस्से तेवढे कुणी नेत नाही. ते साचत राहतात, आणि चहाला चार जण बसले की कुणीतरी म्हणतंच, "तो पंख्याचा सांग ना!" सांगून सांगून माझं तोंड दुखायला लागलं, म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

आधी माणसं. लॅब बोईसरची. मॅडम पॅथॉलॉजिस्ट, लॅब त्यांचीच. वसंतकाका सीनियर टेक्निशियन, वय अठ्ठावन्न, गाव किनाऱ्याला, घरी चिकूची वाडी. आणि मी. फार्मसी दुसऱ्या वर्षाला सोडली. का सोडली, हे नात्यातले सगळे म्हातारे मला लग्नात, बारशात आणि एकदा तर दहाव्यालासुद्धा विचारून झालेत, त्यामुळे इथे नको. काका मला 'अर्धी फार्मसी' म्हणतात. मी बाटल्यांवर नंबर टाकते, रजिस्टर लिहिते आणि तोंड चालवते.

आता काम. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल आणि तो बरा होत नसेल, तर त्यावर छोटा ब्रश फिरवायचा. ब्रशला पेशी लागतात. त्या मायक्रोस्कोपखाली बघितल्या की कळतं, चट्टा नुसताच आहे की कॅन्सरच्या वाटेला लागलाय. प्रश्न एवढाच, की ब्रशवरच्या पेशी मायक्रोस्कोपपर्यंत न्यायच्या कशा?

जुनी पद्धत म्हणजे ब्रश सरळ काचेच्या पट्टीवर, म्हणजे स्लाइडवर, फिरवायचा आणि काच लगेच स्पिरिटमध्ये बुडवायची. नवी पद्धत म्हणजे ब्रश औषधाच्या बाटलीत ढवळायचा. मग मशीन ते पाणी गाळतं आणि पेशींचा छान गोल ठिपका काचेवर बसवून देतं. एका कंपनीने तसलं मशीन आमच्याकडे काही महिने वापरून बघायला ठेवलं होतं. मॅडमनी ठरवलं, प्रत्येक पेशंटचे दोन नमुने घ्यायचे, एक असा, एक तसा. ज्यांचं संशयास्पद येईल त्यांची बायोप्सी. मग बघू कोण बरोबर सांगतंय.

"मशीन चांगलं निघालं तर ठेवून घेऊ," मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. "मग काचा करायचं ते काकांचं टेबल काढून टाकू. काका काउंटरला रक्त घेतील."

काका तीस वर्षं त्या टेबलाशी उभे आहेत.  त्या दिवसापासून ते मशीनला 'मिक्सर' म्हणायला लागले.

आणि गावोगावच्या तपासणी कॅम्पमध्ये नमुने घ्यायचं काम कुणाकडे? काकांकडेच! ज्याचं टेबल जाणार, त्याच्याच हातात दोन्ही ब्रश! मी बोलले तर मॅडम म्हणाल्या, "त्यांचा हात चांगला आहे." संपलं. मोठी माणसं एकमेकांना असंच सर्टिफिकेट देतात.

* * *

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मॅडम म्हणाल्या, "तपासताना मला कळता कामा नये, कुठली स्लाइड कुठल्या पद्धतीची. मन नकळत बाजू घेतं. तू नावं झाक आणि कोड टाक."

मी दोन दिवस खपले. प्रत्येक स्लाइडवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर कोड, कोडची यादी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला जबाबदारीचं काम दिलं होतं.

मॅडमनी पहिली स्लाइड मायक्रोस्कोपला लावायच्या आधी सहज उजेडात धरली. "ही काकांची."

दुसरी धरली. "ही मशीनची."

"मॅडम, तुम्ही यादी बघितली?"

"यादी कशाला बघू? एक गोल आहे, एक लांब आहे!"

एमडी झालेल्या बाईला आणि कॉलेज सोडलेल्या मुलीला मिळून दोन दिवसांत हे सुचलं नव्हतं. काका मागे काचा पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "झाली का आंधळी कोशिंबीर खेळून?"

* * *

मग दातिवऱ्याचा कॅम्प. काकांनी आदल्या दिवशी गावात फोन करून निरोप दिला, "उद्या सगळ्यांनी तोंड स्वच्छ करून या." निरोप चोख पोचला. सकाळी तीसेक बायका शाळेच्या व्हरांड्यात, एकेकीचं पातळ कडक, केसांत फुलं. काकांनी भराभर नमुने घेतले. आम्ही खूश.

लॅबमध्ये काचा बघितल्या तर सगळीकडे काळे कण. पेशी त्यात कुठेतरी लपलेल्या. काजळात पडलेली साबुदाण्याची खीर कशी दिसेल, तशी काच. मशीनच्या गोल ठिपक्यात मात्र बऱ्यापैकी स्वच्छ, कारण ते गाळून घेतं.

मॅडमनी त्या बायकांना परत बघायला सांगितलं. परत दातिवरे. पहिल्याच आजीला मी विचारलं, "आजी, त्या दिवशी मशेरी लावून आला होता का?"

"लावली ना!" आजी केवढ्या अभिमानाने म्हणाल्या. "तुमीच सांगितला, तोंड साफ करून या. रोज एकदा लावते, डॉक्टर येनार म्हनून दोनदा लावली!"

 परतताना पालघर जवळ आल्यावर काका म्हणाले, "मशेरी काय माझा दोष हाय?"

"निरोप तुमचा होता, काका."

आता आम्ही निरोपात स्पष्ट सांगतो, मशेरी लावू नका. तर बायका उलट विचारतात, "मग काय घाण तोंड घेऊन येऊ डॉक्टरसमोर?"

* * *

हा पंख्याचा. मनोरच्या आत एका पाड्यावर कॅम्प होता. तिथले एक माजी उपसरपंच आमच्या स्वागताला. माजी होऊन दोन निवडणुका झाल्या, पण गळ्यातला पांढरा पंचा अजून हजर. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि ठरवलं, की शहरातल्या माणसांना उकडतंय. कुठून तरी मांडवातला तो मोठा उभा पंखा आणला. चालू केला तर रजिस्टरची पानं आपोआप उलटायला लागली.

आता एक सांगते. ब्रश काचेवर फिरवला की काच ओली असतानाच स्पिरिटमध्ये जायला हवी. दोन क्षण वाळली तरी पेशी फुगतात आणि बघणाऱ्याचा घोटाळा होतो.

"साहेब, पंखा बंद करा," काका म्हणाले.

"असू दे, असू दे! लाजू नका. तुमी पाव्हणे!"

काका वळून पंख्याकडे पाठ करून बसले. उपसरपंचांनी पंखा उचलून समोर आणला. काका खुर्ची घेऊन कोपऱ्यात गेले. पंखा कोपऱ्यात. शेवटी काका एकेक काच शर्टाच्या आत धरून दाराआड पळायला लागले, तर हे गृहस्थ वायर सोडवत मागे! "अहो, असे पळता काय? विजेचं बिल मी देत नाय, ग्रामपंचायत देते!"

रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "आमच्यावर कदी नाय फिरवला गं पंका."

मॅडमनी दुसऱ्या दिवशी स्लाइड बघितल्या. "काका, हे काय? सगळ्या पाड्याच्या पेशी फुगल्यात!"

"फुगणारच," काका म्हणाले. "मानपान झालाय त्यांचा."

बाटलीतल्या पेशींना पंख्याचा पत्ताच नव्हता. त्या झाकणाखाली आरामात. मॅडमनी भिंतीवर तक्ता लावला होता, काच एका बाजूला, बाटली दुसऱ्या बाजूला. त्यात बाटलीच्या बाजूला आणखी एक ओळ गेली. काकांनी ती बघितली आणि चहाला निघून गेले.

* * *

काकांचा एक किस्सा मला नाइलाजाने चांगला सांगावा लागतो.

तारापूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कॅम्प. चाळीसेक कामगार, बहुतेक युपी-बिहारचे. कुणीतरी अफवा सोडली होती, की हा ब्रश तोंडात घातला की गुटखा खाणारा पकडला जातो आणि त्याचा गेटपास जातो. झालं. दात विटेच्या रंगाचे, आणि एकेक जण सांगतोय, "कभी छुआ तक नहीं, मैडम."

त्यांचा सुपरवायझर आपला मराठी, पन्नाशीचा, हात मागे बांधून उभा. मला समजावत होता, "या लोकांना शिस्त नाही. आमच्या पिढीला होती. तुमच्या पिढीला पण नाही." मी काहीच विचारलं नव्हतं हां!

रांगेतला पहिला म्हणाला, "पहले साहब का मुँह खुलवाओ. फिर हम सब खोलेंगे."

"मला काही झालेलं नाही," साहेब म्हणाले. म्हणताना ओठ जेमतेम हलले.

काका उठले. अगदी नरम आवाजात म्हणाले, "साहेब, स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालून दाखवा. गेली तर तुमी मोकळे."

ही साधी परीक्षा आहे. वर्षानुवर्षं सुपारी-गुटखा खाल्ला की तोंड आतून आवळत जातं आणि उघडत नाही. साहेबांनी तीन बोटं उचलली. दीड गेलं.

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. तो पहिला माणूस फक्त रांगेतून बाजूला झाला आणि म्हणाला, "आइए साहब, लाइन यहाँ से है."

त्या दिवशी चाळीसच्या चाळीस तोंडं उघडली.

* * *

कोळगावच्या बाजूला कॅम्प होता, तेव्हा रिक्षातून उतरताना स्पिरिटची बरणी फुटली. पेशंट बसलेले. आता काचा बुडवायच्या कशात?

काका म्हणाले, "अगो, समोर ब्युटी पार्लर हाय. केसांवर मारायचा स्प्रे घेऊन ये."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं! मी तशीच उभी.

"अर्धी फार्मसी केलीस ना? मग डबीवर वाच त्यात काय असतं ते. जा!"

वाचलं. त्यात अल्कोहोल. पार्लरवालीने मला खालपासून वरपर्यंत बघितलं, कारण माझे केस तेव्हा कानाएवढे होते. स्प्रे आणला. काका काचेवर ब्रश फिरवायचे आणि लग्नातल्या मेकअपवालीसारखे हात लांब करून स्प्रे मारायचे. रांगेतली एक बाई म्हणाली, "माझ्या काचेवर जरा जास्त मारा हो!"

लॅबमध्ये मॅडमनी बॉक्स उघडला आणि दचकल्या. "काका, या बॉक्समधून मोगऱ्याचा वास कसा येतोय?"

पण स्लाइड? एकदम चकाचक. पेशी जशाच्या तशा. मॅडम म्हणाल्या, "अशा स्लाइड मी बऱ्याच दिवसांत बघितल्या नाहीत. आणि मशीनच्या बाटल्या कुठायत?"

त्या मी लॅबमध्येच विसरले होते.

काका माझ्या शेजारून जाताना फक्त एवढंच म्हणाले, "मिक्सरला हेअरस्प्रे चालतो का गो?"

* * *

त्यानंतर काच सुधारली. मशेरीचा निरोप बदलला होता, पंखे बंद ठेवले जात होते, आणि तक्त्यात काकांची बाजू वर सरकायला लागली. काका शीळ घालत काम करायला लागले. मला काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळत नव्हतं.

मग एका कॅम्पला मी काकांच्या हाताकडे बघत बसले. पहिला ब्रश चट्ट्यावर, तो काचेला. दुसरा ब्रश त्याच जागी, तो बाटलीला. पुढचा पेशंट. पहिला काचेला, दुसरा बाटलीला. त्याच्या पुढचा. तेच!

चट्ट्यावर पहिला ब्रश फिरतो तेव्हा सगळ्यात चांगल्या पेशी निघतात. दुसऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं आणि थोडं रक्त.

"काका," मी सगळ्यांसमोर म्हणाले, "बाटलीला उष्टं घालताय तुम्ही!"

"तीस वर्षं पहिला ब्रश काचेलाच जातो."

"तीस वर्षं बाटलीच नव्हती!"

"तू मला शिकवणार? दोन वर्षं कॉलेजात बसून पळून आलेली?"

"हो, पळून आले. निदान तिथे बसून लोकांच्या डोळ्यात धूळ नाही फेकली!"

ते जास्त झालं, मला माहीत आहे. पण खोटं नव्हतं. काका मुद्दाम करत होते की सवयीने, हे मला आजही सांगता येत नाही. मी मॅडमना सांगितलं. मॅडम तर कपाळाला हात लावून बसल्या, कारण इतके दिवस स्लाइड बघूनही त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं. मग नियम झाला. रांगेत पेशंटला मी जो नंबर देईन, तो विषम असेल तर आधी काच, सम असेल तर आधी बाटली. कुणाच्या मनावर काही नाही. काकांनी मान हलवली.  नंतर चार दिवस माझा चहा माझ्या हातात न देता टेबलाच्या टोकाला ठेवायचे.

नियम लागला आणि तक्ता फिरला. काचेवर काही पेशंटचं 'पेशी अपुऱ्या' यायचं, त्यांचं बाटलीत स्वच्छ दिसायचं. एका माणसाचं काचेवर काही नव्हतं, बाटलीत संशय होता, आणि बायोप्सीने बाटलीचं खरं केलं. त्या दिवशी मॅडम माझ्याशी बोलल्या, काकांशीही बोलल्या, पण टेबलाचा विषय कुणी काढला नाही. काका संध्याकाळी निघायच्या आधी ते टेबल पुसतात. त्या दिवशी पुसून झालेलं टेबल त्यांनी परत पुसलं.

* * *

आता शेवटचा.

काकांच्या गावात आम्ही कधी कॅम्प घेतला नव्हता. मी विचारलं की ते म्हणायचे, "आमच्या आळीत तसलं कोण नाय. सगळी चांगली माणसं हाय." म्हणजे जग तंबाखू खातं आणि यांच्या आळीत सगळे तुळस चघळतात! शेवटी मॅडमनीच परस्पर तारीख ठरवली. तक्ता पूर्ण व्हायला थोडेच पेशंट उरले होते, आणि हा शेवटचा कॅम्प होता. तो झाला की टेबलाचं काय ते ठरणार, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

देवळाच्या सभागृहात रांग. काका गावात असल्यामुळे जरा ताठ. येणारा प्रत्येक जण "काय वसंत!" करून पाठीवर थाप मारत होता. मी नंबराच्या चिठ्ठ्या वाटत होते.

चाळीस नंबरची बाई उठली आणि पुढच्या खुर्चीवर सुमनकाकी येऊन बसल्या. काकांची बायको. हातात बाकीच्यांसारखीच चिठ्ठी. मी वाटताना मान वर करून बघितलंच नव्हतं.

काका म्हणाले, "तू इथे काय करते?"

"घरी दोनदा सांगितला, जिभेला झोंबतंय, जरा बघा. तुमी बोललाव, कॅम्पात ये." काकी शांत होत्या. "म्हणून आले लायनीत."

मागे बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, "वसंत, आता फी घे हो तिची!" काकाही हसल्यासारखं करून म्हणाले, "उघड."

त्यांनी टॉर्च लावला. मीही वाकले. जिभेच्या कडेला, मागे, लाल चट्टा आणि त्याला पांढरी किनार. एवढे महिने तोंडं बघून मलासुद्धा काही गोष्टी कळायला लागल्या होत्या. काका तीस वर्षं बघत होते.

त्यांनी टॉर्च काढला नाही. बराच वेळ तसेच धरून राहिले. काकींची लाळ ओघळायला लागली तेव्हा मी रुमाल दिला. बाहेर कुणीतरी अजून हसत होतं.

मी नेहमीप्रमाणे काच हातात घेतली, स्पिरिटचं झाकण काढलं आणि रजिस्टरमध्ये नंबर लिहिला.

काकांनी पहिला ब्रश पाकिटातून काढला. म्हणाले, "बाटली उघड."

"काका, एक्केचाळीस आहे. विषम. आधी काच."

"मला नंबर वाचता येतो. बाटली उघड."

मी बाटली उघडली.